नवस बोललेलं मैदान

कुवेतमध्ये रविवार कामाचा असतो. सुट्टी शुक्रवार-शनिवारी, आणि रविवारी सकाळी सगळा देश तोंड पाडून कामाला लागतो. स्पेनमधल्या लोकांना हे कुणी सांगितलेलं नसावं. तिथले लहान क्लब रविवारी भर दुपारी मॅच ठेवतात. त्यामुळे आमचे हे, अहमदीला एका कंत्राटदार कंपनीत पाइपलाइनचं काम बघणारे इंजिनिअर, कितीतरी वर्षं रविवारी जेवणाच्या सुट्टीनंतर टेबलाखाली फोन धरून बसायचे. साहेबांना वाटायचं, माणूस घरच्या काळजीत आहे. काळजीत असायचेच, पण घरच्या नाही.

स्पेनचा फुटबॉल म्हटलं की लोकांना जे दोन मोठे क्लब आठवतात, त्यांचा इथे काही संबंध नाही. मंगाफला आमच्या इमारतीखाली पोरं ज्यांचे शर्ट घालून खेळतात ते निराळे. यांचा क्लब समुद्रकाठच्या एका लहानशा गावचा, वरून मोजत आलं तर सहाव्या पायरीवरचा. मी एकदा विचारलं होतं, "सहाव्या पायरीच्या खाली काय असतं?" तर म्हणाले, "अजून पायऱ्या असतात," आणि वरण निवून गेलं तरी त्या पायऱ्या सांगत बसले. मी नाशिकची. माहेरी क्रिकेटसुद्धा कुणी धड बघायचं नाही. लग्न ठरवताना या बाबतीतही चौकशी करायची असते हे आमच्याकडच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही.

हा नाद लावला एका स्पॅनिश माणसाने. रिफायनरीच्या वाढीव कामासाठी तो अहमदीला आला आणि यांच्याच खोलीत त्याला टेबल मिळालं. एकटाच आला होता. दुपारी कोरडा पाव चघळत बसतो, असं यांनी घरी येऊन सांगितलं, तेव्हापासून मी डब्यात दोन पोळ्या जास्त घालायला लागले. भाज्या तो नुसत्या चाखायचा, पण शेंगदाण्याची चटणी डबी पुसून खायचा. त्या चटणीच्या बदल्यात त्याने यांना आपला क्लब दिला. रोज जेवताना थोडा थोडा.

त्याच्या गावात मासे डबाबंद करायचा कारखाना होता. तिथल्या कामगारांनी हा क्लब काढला. मैदान कारखान्याच्या मागे, आणि वारा फिरला की खेळाडूंना त्या वासात खेळावं लागायचं. पाहुणे संघ त्यामुळेच हरायचे, असं त्याचं म्हणणं. त्याच्या वडिलांच्या तरुणपणी हा क्लब एकदा चक्क दुसऱ्या पायरीवर जाऊन आला. एकच मोसम टिकला, शेवटून दुसरा नंबर काढून खाली उतरला, पण गाव त्या एका मोसमाच्या आठवणीवर आजपर्यंत जगलं. हॉटेलात, न्हाव्याच्या दुकानात, सगळीकडे त्या संघाचा फोटो. मग उतरणच लागली. तिसरी पायरी, चौथी पायरी, पुढे कारखाना बंद पडला आणि त्याच्या पाठोपाठ क्लबही बुडाला. मैदानावर गवत माजलं. काही वर्षांनी गावातल्याच लोकांनी नावात जरासा बदल करून नवा क्लब नोंदवला आणि अगदी तळापासून सुरुवात केली. कायद्याच्या हिशेबी तो नवा क्लब. जुन्याचा इतिहास त्याचा नाही, दुसऱ्या पायरीवरचा तो मोसमही त्याचा नाही. "पण शर्ट तोच आहे," असं तो यांना सांगायचा. पांढरा, छातीवर हिरवा पट्टा.

यांचे वडील सातपूरच्या एका कारखान्यात होते. तो कारखानाही असाच बंद पडला, हे कॉलेजात असताना. सासरे नंतर बरीच वर्षं सकाळी शिफ्टच्या वेळेला आंघोळ करून तयार होऊन बसायचे. त्यामुळे कुठल्या तरी परक्या गावचा क्लब या माणसाच्या गळ्यात का पडला हे मला समजत होतं. समजत होतं म्हणून राग येत नव्हता असं मात्र नाही.

काम संपलं तसा तो स्पॅनिश गृहस्थ परत गेला. जाताना यांना म्हणाला, मैदानात उन्हाच्या बाजूला सिमेंटच्या पायऱ्या आहेत, माझ्या शेजारची जागा तुझी, कधीही ये. तेव्हापासून रविवारी मॅच सुरू झाली की तिथला फोटो यायचा: पायऱ्या, त्याचे गुडघे, आणि शेजारची रिकामी जागा. हे तो फोटो मोठा करकरून बघायचे. म्हणायचे, "रिटायर झालो की आधी इथे जाऊन बसायचं, मग नाशिक." मी म्हणायचे, "बसा, आणि घरी येताना कोथिंबीर आणा."

आमच्या घरात वर्षं क्लबच्या मोसमांवरून ओळखली जायची. लेकीचं दहावीचं वर्ष म्हणजे मधला नंबर, ना सुख ना दुःख. बारावीचं वर्ष वाईट, ओळीने हरत गेले, प्रशिक्षक दोनदा बदलला, आणि घरात एकीकडे अभ्यासाचा ताण नि दुसरीकडे सुतक. माझं पोटाचं ऑपरेशन झालं त्या आठवड्यात त्यांनी शेजारच्या गावाला चार गोलांनी हरवलं. मला शुद्ध आली तेव्हा हे हसत होते. मला वाटलं, माझ्यासाठी. साथीच्या वर्षी मोसम अर्ध्यात थांबला, तर हे रविवारी दुपारी खिडकीशी उभे राहून समोरच्या बकाल्याचं, म्हणजे वाण्याच्या दुकानाचं, बंद शटर बघत राहायचे. लेक शिकायला कॅनडाला गेली तो मोसम चांगला होता. विमानतळावरून परत येताना गाडीत आम्ही दोघंही रडत होतो, आणि मधेच यांचा फोन वाजला, तो जिंकल्याचा निरोप होता.

नवस बोलला गेला तो पुढच्या उन्हाळ्यात.

त्या वर्षी संघ तिसरा आला आणि वरच्या पायरीसाठी शेवटच्या सामन्यापर्यंत पोहोचला. रिटायरमेंटची वाट न बघता त्याच सुट्टीत नाशिकऐवजी स्पेनला जायचं असं आम्ही ठरवलं होतं. तिकिटांचे भावसुद्धा बघून झाले होते. सामन्याच्या दिवशी यांनी रजा टाकली. बाहेर धुळीचं वादळ, खिडक्यांच्या फटींना मी ओले टॉवेल लावलेले, तरी दातांखाली वाळू कचकचत होती. फोनवर कुणीतरी हौशी माणूस मैदानातून दाखवत होता. आम्ही एका गोलाने मागे होतो. आम्ही! मी सुद्धा आम्ही म्हणायला लागले होते. वेळ संपत आली तसे हे उठले, मी चहा गाळत होते तिथे स्वयंपाकघरात आले आणि देव्हाऱ्यापुढे हात जोडून मोठ्याने म्हणाले, "आई, हा क्लब वर जाऊ दे. वर जाईपर्यंत ते मैदान मी डोळ्यांनी बघणार नाही."

आमच्याकडे नवस असाच बोलतात. देवीकडे फुकट मागायचं नाही. जिवाला सगळ्यात गोड जे असेल ते बाजूला काढून ठेवायचं. कुणी चहा सोडतं, कुणी गादी सोडतं, माझ्या मामेसासऱ्यांनी मुलगा होईस्तोवर चपला सोडल्या होत्या. पण हे देवभोळे नव्हते. देव्हारा माझा, पूजा माझी, हे फक्त दिवाळीला नमस्कार करणारे. त्यांच्या तोंडून नवस ऐकला तेव्हा माझ्या हातातली गाळणी तशीच राहिली.

आणि गोल झाला. आम्ही स्वयंपाकघरातून पळत बाहेर आलो तेव्हा फोनवर सगळे एकमेकांच्या अंगावर पडलेले दिसत होते. बरोबरी. जादा वेळ खेळले, तरी बरोबरीच. मला वाटलं आता ते एकेक करून गोल मारायचे, तसं काही असेल. तसं नव्हतं. त्या पायरीवरचा नियम असा की बरोबरी सुटली नाही तर मोसमात ज्याचा नंबर वर, तो जिंकला. समोरचा संघ दुसरा आला होता आणि आमचा तिसरा. हरलो नाही आणि वरही गेलो नाही. देवीने गोल दिला होता. नियम तिला कुणी सांगितला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "तिकिटं काढायची ना?"

"कशी काढणार? बोलून बसलोय."

"तुम्ही देव कुठे मानता?"

"नाही मानत. शब्द दिलाय, तो मानतो."

सासूबाईंना फोन लावला. त्या नाशिकला दिराकडे असतात. त्यांना वाटलं, प्रमोशनसाठी नवस बोललाय. खरं कळल्यावर आधी बराच वेळ हसल्या आणि मग एकदम गंभीर होऊन म्हणाल्या, "बोलायच्या आधी विचार करायचा रे. बोललेला नवस परत घेता येत नाही." झालं. उपवासाला साबुदाणा चालतो तसे मग या नवसाचेही नियम झाले. फोनवर मॅच बघितलेली चालते, टीव्हीवर चालते, फोटो चालतो. समोर उभं राहून चालत नाही. आम्ही थट्टा करायचो. लेक कॅनडातून म्हणायची, "बाबा, देवी इज नॉट चेकिंग युअर पासपोर्ट." हे हसायचे आणि हलायचे नाहीत.

थट्टा संपली ती डोळ्यांमुळे.

साखर यांना जुनीच. कुवेतमध्ये आमच्या वयाच्या भारतीय माणसाला साखर नसेल तर लोक कौतुकाने बघतात. गोळ्या चालू होत्या, पथ्य चालू होतं, निदान माझ्यासमोर तरी. मग एक दिवस अहमदीहून येताना म्हणाले, हायवेवरच्या पांढऱ्या रेघा वाकड्या दिसतात. पुढे सिग्नलचे दिवे पसरट दिसायला लागले. मॅच बघताना फोन नाकाजवळ यायला लागला, तेव्हा राईच्या बाजारात जाऊन भला मोठा टीव्ही घेऊन आलो. दिवाणखान्याची एक भिंत त्यानेच अडली. त्या टीव्हीवर तो हौशी माणूस आणखीच अंधूक दाखवायचा, पण यांना ते समजायचं नाही. त्यांना वाटायचं, तिकडे धुकं आहे.

डोळ्याच्या पडद्यावर बारीक रक्तवाहिन्या फुटत होत्या. लेसर झालं, डोळ्यात इंजेक्शनं झाली. डॉक्टर इजिप्तची बाई होती, फार मायाळू. एकदा यांना बाहेर बसवून तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, आम्ही थांबवायचा प्रयत्न करतोय, पण यांना जे काही बघायचं असेल ते लवकर दाखवून आणा.

लोकांना काय काय बघायचं असतं! हिमालय, नातवंडं, गावचं घर. माझ्या नवऱ्याला माशांच्या बंद कारखान्यामागचं एक मैदान बघायचं होतं आणि तेवढंच एक त्याने स्वतःच्या तोंडाने बंद करून ठेवलं होतं. मी तेव्हा काय काय केलं नाही! समजावलं, भांडले, अबोला धरला. "नवस मी घेते माझ्यावर," म्हटलं, "मी जन्मभर गोड खाणार नाही, तुम्ही मोकळे व्हा." तर म्हणाले, "बोललेल्यानेच फेडायचा असतो. तू उगाच श्रीखंडाला मुकशील."

आणि मग जुलैत त्या स्पॅनिश गृहस्थाचा फोन आला. इतका ओरडत होता की मला पलीकडच्या खोलीत ऐकू येत होतं. वरच्या पायरीवरच्या एका क्लबला नव्या मोसमासाठी संघच उभा करता आला नाही, त्यांनी नाव काढून घेतलं, जागा रिकामी झाली, आणि ती आमच्या क्लबला मिळाली. आमचा क्लब वर गेला होता.

मी शिरा करायला घेतला. रवा भाजताना मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं. बाहेर आले तर हे त्या भल्या मोठ्या बंद टीव्हीसमोर बसलेले.

"काय झालं? वर गेला ना?"

"दुसऱ्याचं घर बसलं म्हणून आपण वर. याला वर जाणं म्हणत नाहीत."

मी शिऱ्याची वाटी तिथेच आपटली. पुन्हा सासूबाईंना फोन. या वेळी व्हिडिओवर, कारण मला यांचा चेहरा त्यांना दाखवायचा होता. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. क्लब कुठला, पायरी कुठली, त्यांना कशाचाच पत्ता नव्हता.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "देवीनं ज्या दारानं दिलं त्या दारानं घ्यावं. आपण दार निवडायचं नसतं."

"आई, तुला यातलं समजत नाही."

"मला तुझा खेळ समजत नाही. देवी समजते. आणि तुझे डोळे समजतात. जाऊन ये, बाळा."

हे विरघळतील असं मला वाटलं. अर्धे विरघळले. म्हणाले, "ठीक आहे. एक मोसम त्या पायरीवर टिकून दाखवू दे. टिकले तर त्यांनी ती जागा कमावली. मग मी जाईन."

"म्हणजे पुढचा मे. तोपर्यंत तुमचे डोळे थांबणार आहेत का?"

त्यांचा स्वभावच तसा. साइटवर कंत्राटदाराची माणसं सही मागायला आली की पाइपचं वेल्डिंग स्वतः तपासल्याशिवाय हे कधी सही द्यायचे नाहीत. म्हणायचे, कागदावर काय, काहीही पास होतं. तीच खोड देवीच्या व्यवहारात आणली. मला त्या खोडीचा एरवी अभिमान होता, हेही खरंच.

तो मोसम माझ्या आयुष्यातला सगळ्यात लांब. सुरुवातीला हरतच गेले. दिवाळीपर्यंत तळाशी. थंडीत यांच्या उजव्या डोळ्यात रक्त उतरलं आणि तो डोळा गेला. गाडी बंद झाली, ऑफिसातला एक मल्याळी सहकारी यांना नेऊन-आणून सोडायला लागला. आता टीव्हीवर यांना फक्त हिरवा रंग दिसायचा, तोही मधोमध, नळीतून बघितल्यासारखा. मग मी सांगायला लागले. मला तोवर ऑफसाइडसुद्धा समजत नव्हतं. मी म्हणायचे, "आता आपला एक जण डावीकडून पळतोय, त्याच्या मागे दोघं पळतायत, अहो, पाडलं त्याला!" हे विचारायचे, "कुठे पाडलं? चौकोनाच्या आत की बाहेर?" मी म्हणायचे, "रेघेवर." त्यावर हे डोकं धरायचे. पण फेब्रुवारीनंतर संघ सावरला. एकेक बरोबरी, मग चक्क तीन विजय. रोज सकाळी चहाबरोबर मी यांना गुणतक्ता वाचून दाखवायचे, वरून नाही, खालून. खालचे तीन जातात, आपण खालून चौथे, मग पाचवे, पुन्हा चौथे. मी देवीला काही बोलायचे नाही. घरात एक नवस पुरे होता.

शेवटच्या सामन्यात बरोबरी झाली आणि आम्ही रेघेच्या वर राहिलो, जेमतेम, पण वर. हे खुर्चीतून उठले, अंदाजाने चालत माझ्यापर्यंत आले आणि म्हणाले, "तिकिटं बघ."

दुसऱ्या दिवशी फहाहीलहून पेढे आणले. अख्ख्या ऑफिसला वाटले. इजिप्शियन, फिलिपिनो, मल्याळी, सगळ्यांना. लोक विचारत होते, मुलीचं लग्न ठरलं का? हे म्हणत होते, नाही, आमचा संघ टिकला. यांनी पेढ्याच्या खोक्याचा फोटो त्या स्पॅनिश गृहस्थालाही पाठवायला लावला. सप्टेंबरात नवा मोसम सुरू होतो तेव्हाचं जाणं ठरलं. डॉक्टर म्हणाली, डावा डोळा तोवर टिकायला हरकत नाही. मी चालायला नवे बूट घेतले. त्या दिवसांत मी घरात गुणगुणत असायचे, असं लेक सांगते.

पेढे वाटायची आम्हाला घाईच फार. रिझल्ट लागला, पेढे. बातमी कानावर आली, पेढे. शिक्का पडायची वाट कुणी बघत नाही. स्पॅनिश गृहस्थाचं उत्तर लगेच यायचं, ते या वेळी आलं नाही. मला वाटलं, त्यालाही आनंद झाला असेल, भटकत असेल कुठेतरी. दोन रविवार गेल्यावर त्याचा आवाजाचा निरोप आला. थांबत थांबत, मोडक्या इंग्रजीत. आमच्याही वरच्या पायरीचा मोसम त्या दिवशी संपला होता, आणि तिथून त्याच भागातले दोन क्लब खाली पडले होते. वरून दोन आले की खालच्या पायरीवर त्यांना जागा करून द्यावी लागते. म्हणजे तीनऐवजी पाच जातात. आमचा खालून चौथा होता. त्याला ही भीती आधीपासून होती. पण पेढ्यांचा फोटो बघितला आणि सांगवेना, असं तो म्हणाला. त्याचा आवाज असा, जसा काही तो नियम त्यानेच केलाय.

मी यांच्याकडे बघत होते. निरोप संपला तरी फोन त्यांनी कानालाच धरला होता.

"कुणीतरी पडलं म्हणून वर गेलो," ते म्हणाले, "कुणीतरी पडलं म्हणून खाली आलो. फिटलं."

"काय फिटलं? कुणाचं फिटलं?" मी किंचाळले. शेजारच्या दारापर्यंत ऐकू गेलं असेल. "तुम्ही तिकिटं बघ म्हणालात. तुमच्या तोंडाने म्हणालात!"

"टिकले तर, म्हणालो होतो."

त्या दिवशी मी देवीला वाटेल ते बोलले. तिला म्हटलं, तुझ्या एवढ्या मोठ्या कारभारात तुला हे एक मैदान देता आलं नाही? दिवा लावला नाही. दुसऱ्या दिवशी लावला, सवयीने.

ऑफिसात लोक पुढचे कित्येक दिवस विचारत राहिले, पुन्हा पेढे कधी? त्यांना कुणी काही सांगितलं नाही.

सप्टेंबर गेला. तिकडे मोसम सहाव्या पायरीवर सुरू झाला आणि रविवारचे फोटो पुन्हा यायला लागले. हे मला विचारायचे, "जागा रिकामी आहे ना?" मी म्हणायचे, आहे. मग एका सकाळी मी चहा टाकत होते, तेव्हा आतून यांनी हाक मारली. "अगं, आज अजून उजाडलं नाही का?" मी आत गेले. पडदे उघडे होते. खोलीभर ऊन पसरलं होतं, इथलं डोळे दिपवणारं ऊन. ते पलंगावर बसून खिडकीकडेच बघत होते. मी त्यांच्या शेजारी बसले आणि त्यांचा हात उचलून उन्हात धरला. मग त्यांना समजलं.

दवाखाना झाला. शस्त्रक्रिया झाली. इजिप्तच्या डॉक्टरबाईंनी या वेळी माझा हात हातात घेतला आणि नकाराची मान हलवली.

नोकरी गेली तसा इकामा, इथे राहायचा परवाना, तोही संपणार होता. इथे माणूस कामापुरता असतो, त्याबद्दल तक्रार नाही, येतानाच ठाऊक होतं. घर आवरायला काढलं. टीव्ही खालच्या मजल्यावरच्या मुलांना दिला. भिंतीवर त्याच्या मापाचा चौकोन राहिला, तो मला दिसायचा, यांना नाही. स्पॅनिश गृहस्थ आता फोटो पाठवत नाही. मैदानात बसून आवाजाचे निरोप पाठवतो: मागे लोकांची ओरड, शिट्टी, ढोल. हे भरलेल्या खोक्यांच्या मधे खुर्ची टाकून ते ऐकत बसतात. क्लब परवा हरला. आता मधल्या नंबरावर आहे, यंदा वर जाण्याचं नावच नको.

काल दुपारी मी भांडी कागदात गुंडाळत होते. हे म्हणाले, "आपण जाताना सरळ नाशिकला नको जायला. आधी स्पेनला जाऊ."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "आणि नवस?"

"नवस आहेच की. वर जाईपर्यंत ते मैदान डोळ्यांनी बघणार नाही, म्हटलं होतं." ते माझ्या आवाजाच्या दिशेने वळले. चेहरा इतका शांत, मला बघवेना. "आता जायला काय हरकत आहे? आता तो मोडत नाही."

मी हातातली ताटली खाली ठेवली. मला वाटलं त्यांनी हे थट्टेने म्हटलंय, आणि हसावं म्हणून मी त्यांच्याकडे बघितलं. ते थट्टा करत नव्हते. एखाद्या कामाचा सगळा हिशोब तपासून झाल्यावर जसे बोलायचे, तसे बोलत होते.

"त्याच्या शेजारी बसू," ते म्हणाले. "ऊन लागेल अंगाला. तो वास अजून येतो का ते कळेल. तू सांग मला, कोण पळतंय, कोण पडतंय. फक्त रेघेच्या आत की बाहेर, ते नीट बघ."

इतकी वर्षं मीच मागे लागले होते. चला म्हणून पाया पडले होते, डोळे आहेत तोवर चला. आता ते तयार होते, आणि मला जायचं नव्हतं. मला ते मैदान बघायचं नव्हतं. त्यांना सोडून एकटीने मी ते कसं बघू? मी तोंडात पदर कोंबून रडले, त्यांना आवाज जाऊ नये म्हणून. तो गेलाच असणार, कारण ते उठून चाचपडत आले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले.

आज सकाळी मी तिकिटं काढली.